उतावळेपणाचा दाखला

माझ्या मावशीला सगळी गल्ली गोगलगाय म्हणायची. तोंडावर नव्हे, तोंडावर 'कॉफीवाल्या ताई', आणि वळून दोन पावलं गेलं की गोगलगाय. मावशीला ते ठाऊक होतं. "म्हणेनात का," ती म्हणायची, "गोगलगाईच्या मागे धावत कोणी येत नाही, हे काय कमी सुख आहे?"

तिचं दुकान म्हणजे दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी एक खोली. पुढे लाकडी फळी आणि तराजू, मागे कच्च्या बियांची पोती, आणि मधोमध भाजायचं पिंप. लोखंडी, आडवं बसवलेलं, खाली शेगडी, एका बाजूला हातानं फिरवायचा दांडा. ते आजोबांनी बसवलं होतं. आजोबा गेले आणि दुकान मावशीकडे आलं, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. माझी आई लग्न होऊन दुसरीकडे गेली होती. मामा तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि त्याला मोठा माणूस व्हायची इतकी घाई होती की दांडा फिरवत बसायला त्याच्याकडे सवडच नव्हती.

मावशीनं लग्न केलं नाही. एकदा जमत आलं होतं. मुलगा भेटायला म्हणून दुकानात आला, तेव्हा ती आजोबांच्या हाताखाली दांडा फिरवत होती. मान वर न करता "बसा, एवढा घाणा उतरवते," म्हणाली. तो थोडा वेळ बसला, मग उभा राहिला, मग दारात गेला, मग दिसेनासा झाला. "बरं झालं," मावशी अजून म्हणते, "ज्याला एका घाण्यापुरतं थांबवत नाही, त्याच्याबरोबर जन्म काय काढायचा?"

भाजणीचं तिचं असं असे. कच्ची कॉफीची बी हिरवट असते आणि तिला वास म्हणावा तर ओल्या गवताचा. पिंप तापलं की मावशी बिया आत सोडायची, आच बारीक करायची आणि दांडा फिरवायला लागायची. आठ-नऊ मिनिटं काहीच घडत नाही. बघायला आलेली माणसं इथेच कंटाळून निघून जायची. मग बिया पिवळ्या पडतात, गवत जाऊन भाजलेल्या पावाचा वास सुटतो. मग तपकिरी रंग चढतो, पापुद्रे सुटून उडायला लागतात आणि दुकानात शिरेल त्याच्या केसांत जाऊन बसतात. आणि मग तडतड. आधी एखादीच बी, मग चार, मग सगळ्या एकदम. ही तडतड सुरू व्हायच्या आत आच आणखी खाली आणायची असते, नाहीतर बी वरून करपते आणि आतून कच्ची राहते. तडतड विरत आली की बिया नेमक्या कधी बाहेर काढायच्या हे ठरवायला तीन-चार मिनिटं मिळतात, आणि मावशीच्या मते माणसाला अक्कल आहे की नाही हे तेवढ्यात कळतं. मग बिया चाळणीवर ओतून पंख्याखाली गार करायच्या.

आणि एवढं सगळं करून त्या विकायच्या नाहीत. दोन दिवस डब्यात ठेवायच्या, कारण ताज्या भाजलेल्या बीच्या पोटात वारा असतो आणि तो निघून गेल्याशिवाय चव उतरत नाही.

"ताई, समोर तर दिसतायत भाजलेल्या," गिऱ्हाईक म्हणायचं.

"दिसतायत. पण झालेल्या नाहीत."

"मग होतील कधी?"

"परवा या."

आता अशा बाईला गोगलगाय नाही तर काय म्हणणार?

आजोबांनी तिला एक नियम घालून दिला होता: बावीस मिनिटं. त्यासाठी फळीवर एक जुनं किल्लीचं घड्याळ होतं. ते वेळ बघायला नव्हतंच. घाणा पिंपात पडला की काटे बारावर आणायचे, आणि मोठा काटा बावीसवर आला की बिया बाहेर. आच अशी सांभाळायची की बिया बरोबर बावीसाव्या मिनिटाला तयार झाल्या पाहिजेत. आजोबांनंतर तीस वर्षं मावशीनं हा नियम असा पाळला की लोक देवाचंही इतकं मनावर घेत नाहीत.

मामाचा नियम वेगळा होता. त्यानं शहराच्या कडेला एक शेड घेतली आणि गरम हवेवर चालणारं यंत्र बसवलं. पाच मिनिटांत भाजणी. पहिल्या दिवशीच्या बियांची पुडी घेऊन तो मावशीकडे आला आणि फळीवर ती अशी ठेवली, की जणू बक्षीस घेऊन आलाय.

मावशीनं एक बी उचलली. बाहेरून बुटाच्या पॉलिशसारखी काळी चकचकीत. तिनं ब्लेडनं तिचे दोन भाग केले. आतून पिवळट.

"बघ, आतून कच्ची आहे."

"ताई, कॉफी प्यायच्या आधी बी कापून कोण बघतं?"

"मी."

"म्हणूनच तुझ्याकडे गिऱ्हाईक नाही."

यात खोटं काही नव्हतं. मामाची कॉफी कचेऱ्यांत गेली, उपाहारगृहांत गेली, दवाखान्यांच्या बाहेरच्या टपऱ्यांवर गेली. ती पिऊन माणसं जागी राहायची, कारण तोंड इतकं कडू झाल्यावर झोप कशी येणार? मावशीकडे मात्र मोजकी माणसं उरली: दोन निवृत्त मास्तर, दोन दुकानं सोडून बसणारे घड्याळजी काका, आणि मी. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून संध्याकाळी मावशीच्या पोत्यावर बसून एक कप कॉफी प्यायची, एवढी माझी चैन होती.

अशी बरीच वर्षं गेली. आणि मग एक दिवस घाई शिळी झाली.

हे कसं झालं ते मला नीट माहीत आहे, कारण ते आमच्याच छापखान्यात झालं. एका साप्ताहिकात एका गृहस्थांचा लेख आला. हे गृहस्थ मोठ्या नोकरीत होते, धावून धावून आजारी पडले, दोन महिने डोंगरात जाऊन श्वास घ्यायला शिकले आणि परत येऊन त्यांनी तो लेख लिहिला. त्यात 'संथ' हा शब्द एकेचाळीस वेळा होता. मी मोजला, कारण जुळणी करणाऱ्यानं एकेचाळीसही वेळा तो 'संत' असा केला होता. मी सगळे दुरुस्त केले. आता वाटतं, तसेच जाऊ द्यायला हवे होते.

लेख गाजला आणि शहर संथ झालं. लोक संथ चालू लागले, संथ चावू लागले. आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं 'संथ केशकर्तन' अशी पाटी लावली. तो आधीपासूनच संथ होता, आता त्याला त्याचे जास्त पैसे मिळू लागले. आणि वाऱ्याची दिशा कळायला ज्याला कधीच पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नाही, त्या माझ्या मामानं गरम हवेचं यंत्र फुंकून टाकलं आणि रुंद रस्त्यावर काचेचं दुकान घेतलं.

पाटीचा मजकूर लिहायला तो माझ्याकडे आला. "तुला शब्द येतात," म्हणाला. मी लिहून दिलं: 'चाळीस मिनिटं. एकही कमी नाही. संयमाची चव.' ते शब्द माझे आहेत, मी नाकारत नाही. त्याबद्दल मला वर्षभर फुकट कॉफी मिळायची होती. ती मिळाली, आणि तीच त्याची शिक्षा.

दुकान उघडल्यावर आठवड्याभरानं मी मावशीला तिथे घेऊन गेले. आत बिनपाठीची स्टुलं होती, त्यांवर माणसं डोळे मिटून बसली होती. समोर काचेमागे नवंकोरं पिंप मोटारीवर फिरत होतं. आणि भिंतभर एक फोटो: दोन म्हातारे हात, पिंपाच्या दांड्यावर.

मावशी बराच वेळ बघत राहिली. "हे हात माझे आहेत का रे?"

"तुझेच," मामा म्हणाला. "मागे एकदा मोबाइलवर काढला होता. चांगला आलाय ना?"

"नखांत काळं दिसतंय."

"ताई, तेच तर विकलं जातं."

त्यानं तिला कप दिला. तिनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला. मावशी थुंकत नाही. कुणी केलेलं थुंकू नये असं तिचं मत आहे.

"पुठ्ठा," ती म्हणाली.

"काय?"

"पुठ्ठ्याची चव आहे. अरे, आच इतकी कमी ठेवलीस की बिया तडतडल्याच नाहीत. आतल्या आत कुढत बसल्या. मंद आच म्हणजे आच नाही असं नव्हे. अति तिथे माती."

शेजारच्या स्टुलावरच्या गृहस्थांनी डोळे न उघडता मान डोलावली. "किती शांत चव आहे," ते म्हणाले.

"शांतच असणार," मावशी म्हणाली. "मेलीय ती."

मामाला राग आला नाही. मामाला राग यायला वेळच नसतो. आणि त्याला कॉफी कळत नव्हती असंही नाही. आजोबांचाच मुलगा तो. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो थर्मास घेऊन मावशीकडे यायचा आणि तो भरून न्यायचा. मावशीनं एकदा विचारलं, "तुझ्याच दुकानातली का नाही पीत?"

"ती विकायची आहे," मामा म्हणाला.

पुढे या लोकांचं मंडळ झालं. संथ भाजणी मंडळ. त्याचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. माणसांना तासन्तास ताटकळत ठेवायचा त्यांचा अनुभव दांडगा होता. मंडळ दुकानांची तपासणी करून दाखले द्यायला लागलं. दाखला म्हणजे एक सोनेरी कडांचा कागद, ज्याच्याकडे तो नाही त्याचं नाव मंडळाच्या यादीत नाही, आणि यादीत नाही त्याच्याकडे नवी गिऱ्हाइकं फिरकत नाहीत. मामानं मावशीचं नाव देऊन टाकलं. तिला न विचारता. मला वाटतं, त्यात थोडं तिच्याबद्दलचं प्रेम होतं आणि थोडं, भिंतीवरच्या हातांना दाखला मिळाला तर फोटोखाली लिहिता येईल असाही हिशेब होता. मामाच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या कधी नसतातच.

एका बुधवारी पाच जण आले. एकाच्या हातात स्टॉपवॉच, एकाच्या हातात छापील तक्ता. अध्यक्षांना मावशीनं एकुलतं एक स्टूल दिलं, बाकीचे पोत्यांवर बसले. तिनं नेहमीसारखा घाणा टाकला, आपल्या घड्याळाचे काटे बारावर आणले आणि दांडा धरला.

तक्तेवाल्यानं विचारलं, "भाजताना तुमच्या मनात कोणता विचार असतो?"

"करपू नये हा."

"आणि त्याहून खोल?"

"आतून कच्चं राहू नये."

त्यानं काहीतरी लिहिलं. नंतर मी तो तक्ता पाहिला. तिथे 'चिंतनाची खोली' या रकान्यात दहापैकी दोन गुण होते.

तडतड झाली, विरली. मावशीनं मान वाकडी करून ऐकलं, एक पळीभर बिया काढून हुंगल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि झटक्यात सगळा घाणा चाळणीवर ओतला. त्या झटक्यालाच अध्यक्ष दचकले. मग तिनं दोन दिवसांपूर्वीच्या बियांची कॉफी करून सगळ्यांना दिली. पाचांपैकी तिघांनी दुसरा कप मागून घेतला. अध्यक्षांनी तर खाली गाळ उरेपर्यंत प्यायली. पण तक्त्यात चवीचा रकाना नव्हता, त्यामुळे ते कुठे लिहिता आलं नसावं.

आठ दिवसांनी मंडळाचं पत्र आमच्या छापखान्यात छापायला आलं. मुद्रित माझ्याच टेबलावर. मजकूर असा:

'सदर भाजणी सव्वीस मिनिटं दहा सेकंदांत उरकण्यात आली. मंडळाच्या किमान मर्यादेपेक्षा हा काळ तेरा मिनिटं पन्नास सेकंदांनी कमी आहे. बिया चाळणीवर ओततानाही घिसाडघाई दिसून आली. भाजणीकार महिलेच्या वृत्तीत उतावळेपना आढळल्यामुळे दाखला देता येत नाही. त्यांनी अधिक संयम बाळगून सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा.'

'उतावळेपना'तला न मी ण केला आणि हसायला सुटले. इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं पाणी आणून दिलं. गल्लीतली गोगलगाय, आणि तिला लेखी उतावळी ठरवलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं. इथे नवरी तीस वर्षं चुलीपुढे बसलेली आणि तरी उतावळी. छापलेलं पहिलं पत्र मी स्वतःच घेऊन गेले. मावशीही हसेल असं मला वाटलं होतं.

ती हसली नाही. दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"सव्वीस कशी?" ती म्हणाली.

"अगं, ते उतावळेपणाचं बघ ना."

"ते राहू दे. लोक मला काहीतरी म्हणतातच. पण सव्वीस कशी? मी बावीस मिनिटं भाजते."

"त्यांचं स्टॉपवॉच चुकलं असेल."

"आणि माझं चुकलं असेल तर?"

तिनं शेगडी विझवली, घड्याळ पदराखाली घेतलं आणि भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं. आजोबा गेले त्या दिवसानंतर मी हे पहिल्यांदा पाहत होते.

घड्याळजी काका आजोबांच्या ओळखीचे. सत्तरी उलटलेली, एका डोळ्याला कायम भिंग, त्यामुळे ते माणसांकडेही एखादा सुटा भाग बघावा तसे बघायचे. त्यांनी घड्याळाची पाठ उघडली, आत फुंकर मारली, आणि टेबलभर तपकिरी पापुद्रे उडाले.

"यात कॉफी भरलीय," ते म्हणाले. "चाकांवर तेल बसलंय, तेलावर भुसा. कधी साफ केलं होतं?"

"कधीच नाही."

त्यांनी ते चालू केलं आणि शेजारी आपलं घड्याळ ठेवलं. आम्ही तिघं बघत बसलो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तासाला नऊ-सव्वानऊ मिनिटं मागे पडतंय. म्हणजे यातली तुझी बावीस मिनिटं ही खरी सव्वीस."

"आधीपासून?"

"छे. असं एकदम नाही होत. वर्षाला थोडं थोडं. तुझे वडील होते तेव्हा बरोबर असेल. मग दरवर्षी हे थोडं मंद झालं आणि याच्यामागे तूही थोडी मंद झालीस."

मावशी स्टुलावर बसली. पंख्याखाली ठेवलेल्या बियांसारखा तिचा चेहरा हळूहळू गार पडला. तीस वर्षं जो नियम तिनं पाळला, तो तिनं पाळलाच नव्हता. वडिलांची बावीस मिनिटं कुठेतरी वाटेत, एकेका सेकंदानं, तिच्या हातून गळून गेली होती आणि तिला पत्ता नव्हता.

"मग मी इतकी वर्षं करत काय होते?" तिनं विचारलं.

"भाजत होतीस," घड्याळजी काका म्हणाले. "घड्याळ खोटं सांगत होतं, आणि तू आच सांभाळून बिया बरोबर तयार करत होतीस. मी रोज पितो. मला एकदाही कळलं नाही, मग चूक कसली? साफ करून देऊ का?"

मावशी घड्याळ तिथेच ठेवून उठली.

पुढच्या रविवारी दुकान बंद असताना तिनं मला बोलावलं. माझ्या हातात मनगटी घड्याळ होतं. ते तिनं मला तिच्या पाठीमागे उभं राहून धरायला लावलं. "मी घाणे टाकते. तू वेळ लिही. मला सांगायचं नाही." मग तिनं कुठेही न बघता, नुसत्या नाकानं आणि कानानं सहा घाणे काढले. जुन्या कोरड्या बियांचे तीन आणि नव्या, जरा दमट बियांचे तीन. प्रत्येक वेळी ती तडतडीला मान वाकडी करायची, एका ठरावीक क्षणी श्वास धरायची आणि बिया बाहेर. शेवटी एक घाणा तिनं मुद्दाम चाळीस मिनिटं चालवला, मंडळ म्हणतं तसा. त्याची वेळ मात्र मीच तिला घड्याळ बघून सांगितली.

मंगळवारी संध्याकाळी, वारा निघून गेल्यावर, आम्ही सातही कप प्यायलो. चाळीस मिनिटांचा कप तिनं अर्धवट टाकला नाही. शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, मन लावून, जणू कुणाच्या जन्माचा निकाल द्यायचाय.

"नाही," ती म्हणाली. "खरं सांगते, मला वाटलं होतं आपलंच चुकत असेल. इतकी वर्षं लोक हसायचे तेव्हा कधी वाटलं नाही. हसणाऱ्याचं काय, तो हसतो नि जातो. पण कागदावर लिहून आलं की माणूस घाबरतो गं."

मग मी माझी चिठ्ठी वाचली. कोरड्या बिया: तेवीस, तेवीस, साडेबावीस. दमट बिया: सव्वीस, सत्तावीस, सव्वीस. मावशीनं ती चिठ्ठी घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि परत दिली. आजोबांचा आकडा त्यात एकदाही नव्हता. "बाबा एकाच माणसाकडून बिया घ्यायचे," ती म्हणाली. "त्यांच्या त्या बियांना बावीस लागत असतील. मी मात्र बियांचं सोडून आकड्याचंच ऐकत होते, असं मला वाटायचं. नशीब, कान माझे हट्टी निघाले."

ते घड्याळ तिनं घड्याळजी काकांकडून परत आणलं नाही. मंडळाचं पत्र मी चौकट करून लावणार होते, पण तिनं त्याच्या चार घड्या घातल्या आणि ते तराजूच्या डुगडुगणाऱ्या फळीखाली सरकवून दिलं. फळी तेव्हापासून स्थिर आहे. कुणी विचारलं, 'ताई, किती मिनिटं भाजता?' तर ती म्हणते, 'भाजून होईपर्यंत.' काही लोकांना हे फार गहन वाटतं आणि ते वहीत लिहून घेतात.

तिकडे मामाची गाडी उताराला लागली होती. चाळीस मिनिटांच्या समोरच साठ मिनिटांचं दुकान निघालं. मामानं नव्वद केली. तिसऱ्या एकानं दोन तासांची पाटी लावली. नव्वद मिनिटांच्या बिया इतक्या वाळायच्या की दळताना त्यांची धूळ व्हायची आणि दळणारा शिंकत राहायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, चव फार विरक्त आहे. मग मंडळाच्या वार्षिक सभेत एका विचारवंतानं उठून मुद्दा मांडला की, आच ही मुळातच घाई आहे. बीला तिच्या मनाविरुद्ध तपकिरी करणारे आपण कोण? अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या महिन्यात मामानं काचेमागचं पिंप काढून टाकलं आणि कच्च्या बिया तीन दिवस गार पाण्यात भिजवून ते पाणी द्यायला लागला.

मी प्यायले. मला फुकट होतं, वर्ष संपलं नव्हतं. छापखान्यात यंत्राला हात लावून मग हात धुतले की भांड्यात जे उरतं, तोच रंग होता. चवीबद्दल मी बोलत नाही. डोळे मिटून बसणारे ते गृहस्थ मात्र म्हणाले, "याला वेळ द्यावा लागतो." त्यांनी अडीच महिने वेळ दिला. मग त्यांचं पोट बिघडलं, आणि मामाचंही, कारण समोर बसून पिऊन दाखवल्याशिवाय नवं गिऱ्हाईक ते पीत नसे. शेवटी दुकानाच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटली. आता तिथे चष्मे मिळतात.

मामा आठ दिवस घराबाहेर पडला नाही. नवव्या दिवशी सकाळी तो मावशीच्या दुकानात आला, थर्मास न घेता, आणि पोत्यावर बसला. बोलेना. मामा बोलत नाही हे दृश्य इतकं नवं होतं की मावशीनं दांडा न थांबवता दोनदा वळून पाहिलं.

"जेवतोस का नीट?" तिनं विचारलं.

"हो."

"पोट?"

"बरं आहे."

तिनं कच्च्या बियांचं एक मोठं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. "फुटक्या, किडक्या बाजूला काढ. खडेही असतात."

त्यानं ते दहा मिनिटांत निवडून दिलं. मावशीनं वरवर एक बोट फिरवलं, सात किडक्या बिया आणि एक खडा उचलून त्याच्या हातावर ठेवला आणि ताट परत त्याच्याच मांडीवर दिलं. दुसऱ्यांदा त्याला पाऊण तास लागला.

त्याला आता पाच महिने झाले. तो रोज येतो. बोलायला परत लागलाय, आणि निवडता निवडता त्याच्या डोक्यात नव्या योजना येतातच: हातानं निवडलेल्या बिया, निवडणाऱ्याचा फोटो, पाकिटावर सही. मावशी म्हणते, "आधी हे ताट संपव." पिंपाजवळ ती त्याला फिरकू देत नव्हती. गेल्या महिन्यात मात्र तिचा खांदा धरला, दांडा हलवेना, तेव्हा तिनं स्टूल ओढून घेतलं आणि मानेनंच खूण केली. एक्कावन्न वर्षांचा माणूस, त्यानं बाह्या सरसावल्या आणि परीक्षेला बसावं तसा उभा राहिला.

सुरुवातीला फार जोरात फिरवत होता. "हळू," मावशी म्हणाली. मग इतका हळू की बिया एका बाजूला साचल्या. "अरे, झोपलास का?" ती म्हणाली. तडतड सुरू झाली तशी त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मुद्दाम दाराबाहेर पाहिलं. त्यानं आच खाली केली, जरा उशिराच, कान पिंपाला लागेल इतका वाकला, आणि कुणी न सांगता बिया चाळणीवर ओतल्या. कपाळाचा घाम चाळणीत पडू नये म्हणून बाजूला झाला.

त्या घाण्याच्या बिया मावशीनं विकल्या नाहीत. दोन दिवसांनी डब्यात भरून त्याच्या हातात दिल्या. "गिऱ्हाइकाला देण्यासारख्या नाहीत," म्हणाली, "घरी घेऊन जा." मामानं डबा पोटाशी धरला आणि गल्लीतून असा चालत गेला की दोघांनी त्याला विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मी रविवारी त्याच्या घरी ती कॉफी प्यायले. थोडी करपट होती, आणि मधेच कुठेतरी कच्चीही. मी दुसरा कप मागून घेतला.